लेथचे अंकीय नियंत्रणात रूपांतर

हाताने चालविल्या जाणाऱ्या जुन्या लेथचा बिडाचा सांगाडा, तर्कू व घसरमार्ग कायम ठेवून हत्याराच्या हालचाली संगणकाच्या आज्ञेने चालणाऱ्या विद्युत् मोटरींकडे सोपविणे, या क्रियेस लेथचे अंकीय नियंत्रणात रूपांतर असे म्हणतात. कारखान्यांच्या बोलीत यालाच ‘रेट्रोफिट करणे’ हा शब्द रूढ आहे. झिजलेले भाग घासून, खरवडून वा बदलून यंत्र त्याच्या मूळच्या अचूकतेला आणणे ही पुनर्बांधणी होय. या दोन क्रिया वेगळ्या असल्या, तरी पुनर्बांधणी टाळून केलेले रूपांतर बहुधा फसते. म्हणून या नोंदीत दोहोंचा एकत्र विचार केला आहे.

लेथवर कातावयाची वस्तू तर्कूच्या टोकाशी बसविलेल्या चकात धरून फिरवितात आणि हत्यार तिच्यावर दोन दिशांनी सरकवितात. तर्कूला समांतर अशा लांबीच्या दिशेस झेड अक्ष आणि काटकोनातील व्यासाच्या दिशेस एक्स अक्ष म्हणतात. इंग्रज यंत्रज्ञ हेन्री मॉडस्ली (१७७१–१८३१) यांनी सु. १८०० मध्ये सरकती हत्यारधारणी, मुख्य मळसूत्र व बदलती दंतचक्रे एकाच लेथवर एकत्र आणली. तर्कूच्या एका फेऱ्यात हत्याराने किती सरकावयाचे, हा संबंध तेव्हापासून दंतचक्रांच्या दात्यांच्या गुणोत्तराने राखला जाऊ लागला. अंकीय नियंत्रणात तोच संबंध आकड्यांनी राखला जातो. तत्त्वतः फरक एवढाच आहे. मात्र व्यवहारात त्यामुळे जवळजवळ सर्वच बदलते.

इतिहास : अंकीय नियंत्रणाचा जन्मच एका रूपांतरातून झाला, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. अमेरिकेतील जॉन टी. पार्सन्स यांना हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वक्राकार अचूकपणे कापण्यासाठी छिद्रित पत्रांवरील आकड्यांनी यंत्र चालविण्याची कल्पना सुचली. अमेरिकी हवाई दलाच्या साहाय्याने मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी ती पुढे नेली आणि १९५२ मध्ये तिचे प्रात्यक्षिक दाखविले. त्यासाठी नवे यंत्र बनविले नव्हते. सिनसिनाटी कंपनीच्या तयार मिलिंग यंत्राला निर्वात नलिकांचे नियंत्रण व नव्या चालक यंत्रणा बसविल्या होत्या. पुढे १९७० नंतरच्या दशकात सूक्ष्मप्रक्रियक स्वस्त झाले, नियंत्रणातच संगणक आला आणि कागदी फीत मागे पडली.

भारतात रूपांतरासाठी येणारे लेथ मुख्यतः स्वातंत्र्याच्या आगेमागे उभ्या राहिलेल्या उद्योगांतून बाहेर पडलेले आहेत. किर्लोस्कर कुटुंबाने १९४१ मध्ये तुंगभद्रेकाठी हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी काढली. तिचे ‘एंटरप्राइज’ मालिकेतील लेथ महाराष्ट्रातील असंख्य कारखान्यांत व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत पोहोचले. बंगलोर येथे १९५३ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान मशीन टूल्सने स्वित्झर्लंडच्या ऑर्लिकॉन कंपनीच्या सहकार्याने एच २२ हा लेथ काढला. त्यानंतरचे एनएच २२ व एनएच २६ हे नमुने आजही कामावर दिसतात. यांखेरीज पंजाबातील बटाला व गुजरातेतील राजकोट येथे बनलेले हलके लेथ छोट्या कारखान्यांत मोठ्या संख्येने आहेत. या तिन्ही प्रकारांना एकच माप लावून चालत नाही. जाड भिंतींचे, आतून आडव्या फासळ्यांनी बळकट केलेले बेड रूपांतराचा खर्च सार्थकी लावतात. हलक्या बेडवर तोच खर्च केला, तर कंपनांमुळे नव्या हत्यारांचा लाभच मिळत नाही.

नागपूर परिसरातील प्रश्न : नागपूर शहराच्या पश्चिम भागातील धरमपेठ व अंबाझरी ओलांडून गेल्यावर हिंगण्याची औद्योगिक वसाहत लागते, दक्षिणेस बुटीबोरीची वसाहत आहे. धरमपेठेच्या जवळच १९६० मध्ये विश्वेश्वरय्या रीजनल कॉलेज ऑफ एंजिनिअरिंग या नावाने सुरू झालेली व २००२ पासून राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखली जाणारी अभियांत्रिकी संस्था आहे. विदर्भात दगडी कोळशाच्या व मँगॅनिजाच्या खाणी, कोराडी व खापरखेडा येथील औष्णिक विद्युत् केंद्रे, सिमेंट व कागदाचे कारखाने आहेत. त्यांच्या पट्टावाहकांचे रूळ, पंपांचे दंड, धारव्यांची घरे असे मोठे व लांब भाग कातण्याची गरज सतत पडते. अशा कामाला तीन-चार मीटर लांबीचे जुने लेथ योग्य असतात आणि लेथ जेवढा मोठा तेवढे रूपांतर किफायतशीर, कारण नव्या मोठ्या यंत्राच्या किमतीत बिडाच्या सांगाड्याचा वाटा फार मोठा असतो.

येथेच खरी अडचण आहे. दुरुस्तीच्या कामात एकासारखी दुसरी वस्तू क्वचितच येते. अंकीय नियंत्रणाचा लाभ एकच भाग पन्नास किंवा पाचशे वेळा कातताना मिळतो. एकच झिजलेला दंड सरळ करावयाचा असेल, तर त्याची आज्ञावली लिहून तपासण्याच्या वेळात कुशल टर्नर ते काम हाताने पुरे करतो. रूपांतर करावे की नाही, हे म्हणून दोन गोष्टींवर ठरते : बेडची झीज किती आहे आणि यंत्रावर येणारे काम कोणत्या जातीचे आहे. दुरुस्तीच्या कारखान्याने पूर्ण रूपांतरापूर्वी दोन्ही अक्षांवर मापनपट्ट्या बसवून हत्याराचे स्थान आकड्यांत दाखविणारा दर्शक घ्यावा, हे बहुधा अधिक शहाणपणाचे ठरते. पूर्ण रूपांतरच करावयाचे झाल्यास हातचाके काढून टाकू नयेत. त्यांच्या जागी स्पंद निर्माण करणारी विद्युत् हातचाके बसविता येतात. टर्नर ती फिरवितो व मोटर त्यानुसार घसरपट्टी सरकविते. मग शंकू, गोलाई व आटे एवढाच भाग आज्ञावलीकडे आणि बाकीचे काम हाताकडे, अशी वाटणी करता येते.

बेडची तपासणी : मोजमाप करण्यापूर्वी लेथ समतल आहे की नाही, ते पाहावे लागते. यासाठी एका मीटरला ०.०२ मिमी. इतका चढउतार दाखविणारी पाणसळ वापरतात. नागपूर परिसरातील काळी कापशीची जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया पुरेसा खोल नसेल, तर त्याबरोबर बेडलाही पीळ बसतो. असा पिळलेला लेथ शंकूसारखे कातू लागतो आणि तो झिजला आहे असा समज होतो. पायाचे बोल्ट सैल करून पाचरींनी समतल केल्यावर तो पूर्ववत् चालल्याची उदाहरणे थोडी नाहीत. अशा जागी बसविलेल्या लेथची समतलता उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाळ्यानंतर, अशी वर्षातून दोनदा तपासणे इष्ट असते.

खरी झीज हेडस्टॉकजवळच्या भागात सर्वाधिक असते, कारण बहुतेक काम तेथेच होते. तेथे कॅरेज खाली बसते व किंचित आडवेही सरकते. या दोन सरकण्यांचे परिणाम फार भिन्न असतात. ५० मिमी. व्यासाची वस्तू कातताना हत्यार ०.१ मिमी. खाली गेले, तर त्रिज्येत पडणारा फरक सु. ०.०००२ मिमी., म्हणजे नगण्य असतो. तेच हत्यार ०.०५ मिमी. आडवे सरकले, तर व्यासात थेट ०.१ मिमी. चूक येते. झीज बोटाला लागते तेथे आहे, एवढ्यावरून निर्णय न घेता ती कोणत्या दिशेची आहे हे पाहावे लागते, ते यासाठी. जर्मन अभियंते गेओर्ग श्लेझिंगर यांनी १९२७ मध्ये यांत्रिक हत्यारांच्या तपासणीची पद्धतशीर मांडणी प्रसिद्ध केली. तर्कूत ३०० मिमी. लांबीचा कसोटी दंड बसवून डायल गेजने समांतरता मोजण्यासारख्या तिच्यातील कसोट्या आजही प्रमाण मानल्या जातात. याशिवाय एक सोपी कसोटी प्रत्यक्ष कातकामाची आहे. केवळ चकात धरलेल्या जाड सळईवर एकमेकांपासून दूर अशी दोन कडी एकाच हत्याराने कातावीत. त्यांच्या व्यासांतील फरक यंत्राची स्थिती स्पष्ट सांगतो.

नियंत्रक कितीही उत्तम असला, तरी तो हत्याराला जेथे जाण्यास सांगतो ते स्थान मळसूत्रावरून मोजलेले असते. वाकड्या वाटेवरून सरकलेली कॅरेज त्याला दिसत नाही. झिजलेला बेड म्हणूनच यंत्रावर घासून घ्यावा लागतो किंवा निळा रंग लावून उंच भाग ओळखून हाताने खरवडावा लागतो. खरवडणे हे अत्यंत कष्टाचे काम असून ते जाणणारे कारागीर आता थोडे उरले आहेत. बेड घासल्यावर कॅरेज खाली जाते आणि हात-लेथमध्ये त्यामुळे ॲप्रन, दंतपट्टी व मळसूत्र यांची जुळणी बिघडते. रूपांतरात ॲप्रन व अर्धनट काढूनच टाकीत असल्यामुळे ही अडचण बरीच कमी होते.

कॅरेजच्या खालच्या पृष्ठास टेफ्लॉनयुक्त पट्टी चिकटवून ती बेडशी जुळवून खरवडण्याची पद्धत सर्वमान्य आहे. बीड बिडावर सरकताना स्थिर अवस्थेतील घर्षण चालू अवस्थेतील घर्षणापेक्षा बरेच जास्त असते. त्यामुळे ०.०१ मिमी. सरकण्याची आज्ञा दिली असता कॅरेज प्रथम हलत नाही आणि नंतर एकदम उडी घेते. टेफ्लॉनयुक्त पट्टीत ही दोन्ही घर्षणे जवळजवळ सारखी असल्याने हालचाल सलग होते. पट्टीच्या जाडीने कॅरेजची गेलेली उंचीही काही अंशी भरून निघते.

मळसूत्रे : जुन्या लेथमधील समलंबी आट्यांची मळसूत्रे झिजली, की हातचाक उलट फिरविताना काही अंश रिकामे फिरते. तीस-चाळीस वर्षे वापरलेल्या लेथच्या आडव्या घसरपट्टीत ही मोकळी चाल अर्धा मिमी.पर्यंतही आढळते. टर्नर तिच्यावर सहज मात करतो; तो हत्यार मापापलीकडे मागे नेतो आणि नेहमी एकाच बाजूने मापावर आणतो. संगणकाला मात्र गोल मूठ कातताना एक्स अक्षाची दिशा ऐन कापात उलटवावी लागते. नियंत्रकात मोकळ्या चालीची भरपाई करण्याची सोय असते, परंतु कर्तनाचा जोर घसरपट्टीला त्या मोकळ्या जागेत स्वतःच ओढू शकतो, म्हणून ती पुरेशी नसते. गोलाच्या सर्वांत मोठ्या व्यासावर उमटलेली कडा ही अपुऱ्या रूपांतराची ठळक खूण होय.

यावरील उपाय म्हणजे गोळ्यांची मळसूत्रे. यांत नट व मळसूत्र यांच्यामध्ये पोलादी गोळ्या फिरत राहतात. पूर्वताण देऊन बसविल्यास मोकळी चाल जवळजवळ नाहीशी होते आणि दिलेल्या शक्तीपैकी सु. ९० टक्के शक्ती उपयोगात येते. समलंबी आट्यांत हेच प्रमाण सामान्यतः २० ते ४० टक्के असते. या गुणाला दुसरी बाजू आहे. घर्षण एवढे कमी असते की बाहेरून जोर लावल्यास मळसूत्र उलटे फिरते, म्हणून कापताना मोटरीने घसरपट्टी सतत धरून ठेवावी लागते. बिडाची बारीक धूळ गोळ्यांचा नाश करते. म्हणून घडीच्या आवरणांत कसर करू नये.

मोटरी : स्वस्त रूपांतरात पायरी मोटर वापरतात. तिचा एक फेरा सामान्यतः २०० पायऱ्यांचा असतो. प्रत्येक पायरीचे दहा उपभाग केल्यास फेऱ्याला २,००० स्पंद लागतात आणि ५ मिमी. चालीच्या मळसूत्रावर एका स्पंदाला घसरपट्टी ०.००२५ मिमी. सरकते. विक्रेते हा आकडा ‘अचूकता’ म्हणून सांगतात, ते बरोबर नाही. तो केवळ आज्ञेचा लहानात लहान घटक असतो. पायरी मोटरीचा फिरविण्याचा जोर वेग वाढताच झपाट्याने घटतो आणि एखादी पायरी चुकली तर नियंत्रकाला त्याचा पत्ता लागत नाही. पुढील सर्व मापे तेवढ्याने चुकत जातात. सर्व्होमोटरीच्या दंडावर बसविलेला एन्कोडर हा कोन मोजणारा भाग प्रत्यक्ष स्थिती सतत कळवीत असतो. आज्ञा व स्थिती यांतील फरक ठरावीक मर्यादेबाहेर गेला, की यंत्र थांबते. मध्यम व मोठ्या लेथसाठी सर्व्होमोटरच घ्यावी.

तर्कू : तर्कूच्या मोटरीला विद्युत् कंप्रता बदलणारे साधन जोडले, की वेग हवा तसा बदलता येतो. त्यामुळे हेडस्टॉकमधील दंतचक्रांची गरज उरत नाही, हा समज सार्वत्रिक आहे आणि तो महाग पडतो. ५.५ किवॉ. ची, मिनिटास १,४४० फेरे घेणारी मोटर ५० हर्ट्‌झ कंप्रतेला सु. ३६ न्यूटन-मीटर जोर देते. कंप्रता कमी केल्याने हा जोर वाढत नाही. १० हर्ट्‌झला शक्ती मात्र १.१ किवॉ. वर येते. याउलट १५० मिमी. व्यासाच्या पोलादी दंडावर ३ मिमी. खोल व फेऱ्यास ०.३ मिमी. सरक असा काप घेण्यास १५० न्यूटन-मीटरच्या आसपास जोर लागतो. तो दंतचक्रांच्या सु. चारास एक अशा किंवा त्याहून अधिक घटीनेच मिळतो. म्हणून निदान दोन-तीन दंतचक्र-जोड्या ठेवून त्यांच्या दरम्यानचे वेग कंप्रतेने बदलणे योग्य असते.

आटे पाडण्यासाठी तर्कूला दातेरी पट्ट्याने एन्कोडर जोडतात. तो एका फेऱ्यात, उदाहरणार्थ, १,०२४ स्पंद आणि फेऱ्याच्या ठरावीक जागी एक निराळा स्पंद देतो. या निराळ्या स्पंदापासून प्रत्येक काप सुरू होतो, म्हणून दहाव्या कापातही हत्यार पहिल्याच आट्यात उतरते. पूर्वी टर्नर अर्धनट व आटेदर्शक तबकडी यांच्या साहाय्याने जे साधत असे, तेच हे होय.

आज्ञावली : आज्ञा रोमन अक्षरे व अंक यांनी लिहितात. ‘जी ०१ एक्स ४० झेड –६० एफ ०.२’ या ओळीचा अर्थ, हत्याराने सरळ रेषेत ४० मिमी. व्यास व तोंडापासून ६० मिमी. अंतर या बिंदूपर्यंत तर्कूच्या फेऱ्यास ०.२ मिमी. या गतीने जावे, असा होतो. ‘जी ०२’ व ‘जी ०३’ या आज्ञा वर्तुळखंडासाठी असतात. नियंत्रक म्हणून जपानच्या फॅनुक, जर्मनीच्या सीमेन्स इ. कंपन्यांचे तयार संच वापरतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील १९९०–२००० या दशकातील प्रकल्पातून विकसित झालेली लिनक्ससीएनसी ही मुक्त आज्ञाप्रणाली साध्या संगणकावर चालते. शिक्षणसंस्थांना ती विशेष उपयोगी आहे, कारण तिच्या आत काय चालते ते विद्यार्थ्याला पाहता येते.

उष्णता व वीज : नागपूरला मे महिन्यात तपमान ४५° से. च्या वर जाते. अनेक विद्युत् चालक ४०° से. पर्यंतच्या हवेत पूर्ण शक्तीने चालण्यासाठी बनविलेले असतात आणि बंद पेटीतील तपमान बाहेरच्यापेक्षा आणखी वाढते. पेटीला केवळ पंखा लावल्यास गरम हवेबरोबर बिडाची धूळही आत ओढली जाते; त्यामुळे बंद पेटी व शीतक यंत्र हाच योग्य मार्ग होय. मळसूत्र व वस्तू दोन्ही पोलादी असून एकाच तपमानाला असतील, तर ऋतुमानातील फरकाचा त्रास फारसा होत नाही. सतत चालून मळसूत्र वस्तूपेक्षा १०° से. नी तापले, तर मात्र ३०० मिमी. लांबीत सु. ०.०३५ मिमी. फरक पडतो. सकाळचे पहिले नग व दुपारचे नग यांच्या मापांत आढळणारी तफावत पुष्कळदा याच कारणाने असते.

सुरक्षितता : हात-लेथवर टर्नरचा हात हेच मुख्य नियंत्रण असते, धोका दिसताच तो हात मागे घेतो. रूपांतरानंतर यंत्र स्वतःहून हलते. आपत्कालीन थांब-कळ मोटरींची वीज थेट तोडणारी असावी. ती केवळ आज्ञाप्रणालीला सूचना देणारी नसावी. व्यास कमी होईल तसे कर्तनवेग कायम राखण्यासाठी नियंत्रक फेरे वाढवितो. मिनिटास १५० मी. कर्तनवेगाला १०० मिमी. व्यासावर सु. ४८० फेरे पुरतात, तर २० मिमी. व्यासावर सु. २,४०० लागतात. जुने बिडाचे चक एवढ्या वेगासाठी बनविलेले नसते आणि ते फुटल्यास प्राणघातक अपघात होतो. म्हणून चकावर कोरलेली वेगमर्यादा आज्ञावलीत व नियंत्रकात अशा दोन्ही ठिकाणी घालावी लागते. बंद होणारे व दार उघडताच तर्कू थांबविणारे आवरण बसविल्याशिवाय रूपांतर पुरे झाले असे मानू नये. पुष्कळ छोट्या कारखान्यांत नेमके हेच शेवटी ठेवून वगळले जाते.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील टर्नरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून त्यात हात-लेथबरोबर अंकीय लेथही शिकवितात. रूपांतरित यंत्र चालविण्यास केवळ आज्ञा लिहिता येणे पुरत नाही. कापाचा आवाज बदलला, चिपळीचा रंग निळा झाला किंवा पृष्ठावर कंपनाच्या रेघा उमटल्या, तर काय करावे हे हात-लेथवर काम केलेल्यालाच चटकन उमगते. जुन्या टर्नरला बाजूला सारून नवा चालक नेमणाऱ्या कारखान्यात हत्यारे अधिक मोडतात. त्यालाच आज्ञावली शिकविणे बहुधा थोड्या महिन्यांत साधते.

दुसऱ्या प्रकारचे रूपांतर : मूळचेच अंकीय नियंत्रण असलेले १९८०–९० च्या सुमाराचे लेथही आता रूपांतरासाठी येतात. त्यांचे बेड व तर्कू सुस्थितीत असतात, पण नियंत्रकाचे सुटे भाग मिळत नाहीत किंवा स्मृतीला वीज पुरविणारी बॅटरी संपून यंत्राची स्थिरांके पुसली गेलेली असतात. गोळ्यांची मळसूत्रे, वंगणव्यवस्था व आवरणे आधीच असल्यामुळे हे काम हात-लेथच्या रूपांतरापेक्षा सोपे असते. नीट राखलेला बिडाचा सांगाडा चाळीस-पन्नास वर्षे टिकतो. नियंत्रक मात्र पंधरा-वीस वर्षांत कालबाह्य होतो. रूपांतरित लेथच्या आयुष्यात नियंत्रक पुन्हा एकदा तरी बदलावा लागेल, हे त्यामुळे गृहीत धरावे लागते. तारांना क्रमांक घालणे, जोडणीची आकृती पेटीच्या दारात ठेवणे आणि सर्व स्थिरांके कागदावर उतरवून ती यंत्रापासून वेगळ्या जागी जपणे, ही कामे रूपांतर करणाऱ्याने यंत्र ताब्यात देण्यापूर्वीच पुरी करावयाची असतात.